शितावरून भाताची परीक्षा

म्हणींचा पाठ आला की आम्ही गेली कित्येक वर्षे एक म्हण हमखास फळ्यावर लिहीत आलो आहोत : शितावरून भाताची परीक्षा. तिचा अर्थ समजावून देण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. आमच्या शाळेतील मुले भात पिकविणाऱ्या व भात खाणाऱ्या मुलखातली. आई पळीच्या टोकावर शीत घेते, दोन बोटांत चेपून पाहते आणि भांडे खाली उतरविते, हे प्रत्येकाने घरी पाहिलेले असते. एक शीत शिजले की सारा भात शिजला, असे मुले आपणहून सांगतात आणि आम्ही समाधानाने पुढच्या म्हणीकडे वळतो. या म्हणीच्या पोटात एक अट दडलेली आहे, हे मात्र मराठीची एम. ए. पदवी पदरी असूनही पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. ते ज्या प्रसंगाने ध्यानात आले, तो आमच्या दृष्टीने फारसा भूषणावह नाही. तरीही तो सांगावा असे वाटते.

ही गोष्ट २०२२ सालच्या पावसाळ्यातील. आमची सरकारी मराठी शाळा बेळगावच्या दक्षिणेस, खानापूरच्या अंगाला आहे. वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहिले तर दूरवर भाताची खाचरेच दिसतात. बेळगावी बासमतीचा सुवास ज्यांच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या दरवळला, अशा या लोकांना तांदूळ म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. ‘अक्षर दासोह’ योजनेखाली दुपारी मुलांना शाळेत भात-सांबार मिळते. स्वयंपाकाचे काम गावातीलच एक विधवा बाई चौदा वर्षे करीत होत्या. मुले त्यांना मावशी म्हणत, म्हणून आम्हीही मावशीच म्हणत असू.

जुलै महिन्यात एके दिवशी तांदूळ धुताना मावशींच्या परातीत काही दाणे पाण्यावर तरंगताना दिसले. आकार तांदळाचाच, परंतु रंग किंचित पिवळसर आणि कडा जरा बोथट. एका मुलाने त्यांतले पाच-सहा दाणे चड्डीच्या खिशात टाकून घरी नेले. त्याच्या आजीने ते तळहातावर घेऊन पाहिले व हा तांदूळ नव्हे असा निर्वाळा दिला. साठ वर्षे भात कांडलेल्या आणि पाखडलेल्या बाईचा तो निर्वाळा होता. त्यावर अपील कोणाकडे करावयाचे? संध्याकाळपर्यंत सरकारने मुलांना प्लास्टिकचा तांदूळ दिल्याची वार्ता गावभर झाली, आणि रात्र होईतो तिला शेपूट फुटले : चांगला तांदूळ बाहेर विकून त्यात प्लास्टिक मिसळणारा हात स्वयंपाकघरातलाच आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात पालकांचा घोळका उभा होता. निम्म्याहून अधिक मुलांनी घरून डबे आणले होते. शाळा सुधारणा समितीची बैठक तातडीने बोलाविण्यात आली. आवाज चढले. ते उतरावेत म्हणून आम्ही एक तोडगा सुचविला : चौकशी पुरी होईपर्यंत मावशींनी स्वयंपाकघरात येऊ नये. शासकीय भाषेत हे वाक्य अगदी निर्दोष आहे. त्यात आरोप नाही, शिक्षा नाही, विशेषणसुद्धा नाही. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कमरेची कोठीची किल्ली काढली, आमच्या टेबलावर ठेवली आणि छत्री घेऊन त्या निघून गेल्या.

त्या रात्री आम्ही शाळेतील पत्रव्यवहाराची फाईल घरी आणून चाळली. त्यात एक परिपत्रक निघाले. त्यावर आमची सही होती. सही करताना आम्ही ते वाचलेही असले पाहिजे. परंतु वाचणे आणि मनात उतरणे यांत अंतर असते, हे शिक्षकास कोणी सांगावयास नको. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा केली होती, त्याच योजनेविषयीचे ते परिपत्रक होते. तांदळाचे पीठ करावयाचे, त्यात लोह, फॉलिक ॲसिड व ब-१२ जीवनसत्त्व मिसळावयाचे, पाणी घालून ती कणीक उष्णतेच्या यंत्रातून शेवेसारखी दाबून काढावयाची, तांदळाच्या लांबीचे तुकडे पाडून ते वाळवावयाचे आणि सामान्य तांदळाच्या शंभर भागांत असा एक भाग मिसळावयाचा. पिठापासून पुन्हा घडविलेला दाणा हा मूळ दाण्यासारखा घट्ट नसतो. म्हणून तो कधी कधी पाण्यावर तरंगतो व डोळ्यांस वेगळा दिसतो. ते रंग, ते तरंगणे, सारे त्या एका कागदात उलगडत होते. तो कागद गावाला वाचून दाखविणे हे आमचे काम होते. आम्ही तो फाईलला लावून मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो वाचून दाखविला. परंतु अविश्वास एकदा आला की कागदाची किंमत कागदाएवढीच उरते. तेव्हा आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी सर्वांदेखत तो संशयित दाणा कुटून त्यावर आयोडिनचा थेंब टाकला. पूड निळी-काळी झाली. पिठूळ पदार्थाची, म्हणजे स्टार्चची, ती खूण. एक दाणा चिमट्यात धरून जाळलाही. तो काळवंडला, भाकरी करपल्यासारखा वास आला; प्लास्टिक जसे वितळून ठिबकते तसे काही झाले नाही. आम्हांस वाटले, प्रश्न सुटला. तोच मागे भिंतीला टेकून उभा असलेला एक पालक म्हणाला, “सर, पीठ हाय म्हंतासा ते खरं. पर पिठाबरोबर आनी काय हाय, ते ह्यात कुठं समजतंय? वरनं पीठ आन् आतनं दुसरंच काय असलं तर?”

या गृहस्थाचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले आहे. परंतु त्याचा प्रश्न इतका बिनतोड होता की आम्ही निरुत्तर झालो. आयोडिनला एकच गोष्ट विचारता येते : स्टार्च आहे काय? ते ‘आहे’ म्हणते आणि गप्प बसते. आणखी काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. जाळण्याच्या प्रयोगातही आत थोडेसे दडलेले काही नाकाला चुकवू शकते. आम्हांला अशी परीक्षा हवी होती की जी दाण्यालाच विचारील, तू कशाकशाचा बनलेला आहेस?

आमची एक जुनी विद्यार्थिनी बेळगावात औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकविते. तिला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “सर, शनिवारी दुपारी या. निवडलेले संशयित दाणे आणा, साधे तांदूळ आणा, आणि घरची एक रिकामी दुधाची पिशवीही आणा.” दुधाची पिशवी कशाला, हे आम्ही विचारले नाही. शिष्याने सांगितलेले गुरूने मुकाट्याने ऐकावे असेही दिवस येतात.

प्रयोगशाळेत एका टेबलावर बाजाच्या पेटीएवढे एक यंत्र होते. त्याच्या माथ्यावर तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसलेला एक हिऱ्याचा तुकडा बसविलेला आणि वरून दाबण्यास एक लहानशी दांडी. या यंत्रातून अवरक्त किरण सोडतात, असे तिने सांगितले. अवरक्त हा शब्द आम्ही कितीदा वाचला असेल! अव म्हणजे खाली. तांबड्याच्या खालचा तो अवरक्त. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलवेत्त्याने इंग्लंडमध्ये सूर्यप्रकाश लोलकातून सोडून सात रंगांचा पट्टा पाडला आणि कोणत्या रंगात किती ऊब आहे हे पाहण्यासाठी त्यात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथला पारा सर्वांत जास्त चढला. न दिसणाऱ्या प्रकाशाची ती पहिली वर्दी.

हा प्रकाश पदार्थाची ओळख कशी पटवितो, हे तिने आम्हांला आमच्याच पद्धतीने, उदाहरण देऊन समजाविले. पदार्थातील अणू एकमेकांना जणू स्प्रिंगने जोडलेले असतात व ते जोड सतत थरथरत असतात. प्रत्येक जोडाचा ठेका निराळा. ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा जोड सेकंदाला सुमारे एक कोटी कोटी वेळा थरथरतो. कार्बन व ऑक्सिजन यांचा एकेरी जोड त्याहून बराच सावकाश. नागपंचमीच्या झोक्याला त्याच्या लयीतच धक्का दिला तर झोका तो धक्का घेतो. लय चुकली तर घेत नाही. तसाच प्रत्येक जोड अवरक्त प्रकाशातील आपल्या लयीचा तेवढाच भाग शोषून घेतो. यंत्रातून परत आलेल्या प्रकाशात कोठे कोठे खळगे पडले हे पाहिले, की आत कोणकोणते जोड आहेत ते कळते. या खळग्यांच्या आलेखास वर्णपट म्हणतात. १९०५ साली कोब्लेन्ट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभराहून अधिक पदार्थांचे असे वर्णपट प्रसिद्ध केले. ते त्याने एकेक बिंदू मोजून मिळविले होते. आता सारे किरण एकदम सोडतात आणि त्यांची सरमिसळ झालेली नोंद संगणक उलगडतो. त्यासाठी लागणारे गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते व त्याचा उष्णतेवरील ग्रंथ १८२२ सालचा आहे. दाण्याचा कस लागावयास आता मिनिटही लागत नाही.

प्रथम तिने हिरा स्वच्छ पुसून रिकाम्या यंत्राची नोंद घेतली. आम्ही कुतूहलाने वाकून प्रश्न विचारीत होतो, तेव्हा ती हसून म्हणाली, “सर, जरा लांब उभे राहून बोला. तुमचा श्वाससुद्धा यात उमटतो.” उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आपला खळगा आलेखात पाडून जातो म्हणे. वर्गात पस्तीस मुले गप्प बसविणारे आम्ही, त्या एका वाक्याने भिंतीशी जाऊन उभे राहिलो.

साध्या तांदळाची पूड हिऱ्यावर ठेवून तिने दांडी दाबली. पडद्यावर एक रेघ उमटली. खालच्या अक्षावर ४००० पासून ४०० पर्यंत आकडे होते. एका सेंटिमीटरात किती लाटा मावतात, याची ती संख्या. ३३०० च्या आसपास एक रुंद, पसरट दरी, ही ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडाची. २९३० च्या सुमारास एक लहान खाच. १६४० जवळ आणखी एक, दाण्यात मुरलेल्या पाण्याची व थोड्या प्रथिनांची. आणि १००० च्या आसपास सर्वांत खोल दरी, कार्बन व ऑक्सिजन यांच्या जोडांची. स्टार्चची ती ठळक खूण. मग दुधाच्या पिशवीचा तुकडा ठेवला. त्याची रेघ पाहून आम्हीही चकित झालो. २९१५ व २८४८ येथे दातासारख्या दोन अणकुचीदार खाचा, १४७० जवळ एक, ७२० जवळ एक, आणि बाकी सारे जवळजवळ सपाट मैदान. ती रुंद दरी नाही, ती खोल दरीही नाही. पॉलिथिनमध्ये ऑक्सिजनच नसतो, तर त्याचे जोड येणार कोठून?

शेवटी संशयित दाणा. येथे तिने जे केले ते आमच्या त्या पालकाने पाहावयास हवे होते. हिऱ्यातून प्रकाश पदार्थात जेमतेम एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाइतकाच शिरतो. तेव्हा दाणा नुसता वरून तपासला तर ‘आतनं दुसरंच’ राहूनच जाईल. म्हणून तिने एक दाणा पात्याने उभा चिरून त्याचे पोट तपासले, दोन दाणे खलात घोटून त्यांची पूड तपासली आणि एक अखंड दाणा वरून तपासला. तिन्ही रेघा साध्या तांदळाच्या रेघेवर ठेवल्या. दऱ्यांवर दऱ्या बसल्या. दुधाच्या पिशवीचे ते दोन दात कोठेच नव्हते.

संग्रहातील हजारो वर्णपटांशी तुलना करून यंत्र पदार्थाचे नावही सुचविते. त्याने स्टार्च हेच नाव सर्वांत वर दाखविले. परंतु यावर तिने आम्हांला विसंबू दिले नाही. खरा पदार्थ संग्रहात नसेल तरी यंत्र जवळातले जवळचे नाव देऊन मोकळे होते, म्हणून रेघ स्वतः वाचावी लागते, असे ती म्हणाली. आणखी एक गोष्ट तिने बजावून सांगितली : “सर, यात लोह किती आहे, जीवनसत्त्व आहे की नाही, हे मी यावरून सांगू शकत नाही. शंभरात एखाद्या भागाहूनही कमी असलेली वस्तू या रेघेत दिसेलच असं नाही. दाणा पिठाचा आहे, प्लास्टिकचा नाही, एवढंच लिहून देईन.” शिष्येचा आम्हांला अभिमान वाटला. एवढे पाहून एवढेच बोलणे, हे आम्हांला त्या बैठकीत जमले नव्हते.

निघता निघता आम्ही तिला विचारले, की दाणे निवडून आणावयास का सांगितलेस? पोत्यातून मूठभर तांदूळ आणला असता तर? ती म्हणाली, शंभरात एक भाग दाणे असे आहेत. पोत्यातून सहज एक दाणा उचलला तर शंभरातील नव्व्याण्णव वेळा साधाच हाती येईल. आणि सारे एकत्र दळले तर त्या एका भागात काही वावगे असले तरी ते नव्व्याण्णवांच्या रेघेत बुडून जाईल. जो दाणा वेगळा वाटतो तोच काढून तपासावा लागतो. परतीच्या बसमध्ये आम्हांला आमची म्हण आठवली. शितावरून भाताची परीक्षा होते ती सारी शिते एका जातीची असतील तेव्हाच. गावाने पाच-सहा तरंगते दाणे पाहून सारे पोते प्लास्टिकचे ठरविले. आणि आम्ही त्याच पाच-सहा दाण्यांवरून एका बाईची चौदा वर्षे बाजूला ठेवली.

रविवारी सकाळी आम्ही तो आलेख घेऊन मावशींच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. आम्ही रेघा दाखवीत बरेच बोललो. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. आमचे बोलणे संपल्यावर त्या म्हणाल्या, “सर, कागद मला कशाला? सगळ्यांच्या म्होरं जा म्हंटलासा. आता सगळ्यांच्या म्होरं ये म्हणा.”

मंगळवारी आम्ही पुन्हा बैठक बोलाविली. फळ्यावर तिन्ही रेघा खडूने मोठ्या काढल्या : तांदळाची, त्या दाण्याची आणि दुधाच्या पिशवीची. अक्षर न येणाऱ्या माणसासही पहिल्या दोन सारख्या व तिसरी निराळी हे दिसत होते. प्रश्न विचारणारे ते पालक पुढे आले, त्यांनी बोट फिरवून तिन्ही रेघा पाहिल्या आणि दाणा आतून चिरून पाहिला होता काय, हे आवर्जून विचारून घेतले. या परीक्षेतून काय कळत नाही, तेही आम्ही सांगितले. लोहयुक्त तांदूळ हाच मुलांच्या अशक्तपणावरील योग्य उपाय आहे की नाही, याविषयी जाणकारांतही मतभेद आहेत. तो प्रश्न त्या आलेखाचा नव्हता आणि आमच्या अधिकारातलाही नव्हता. त्यानंतर आम्ही उभे राहून म्हटले, की परिपत्रक आमच्या फाईलमध्ये पडून होते, ते आम्ही वेळेवर सांगितले नाही, आणि त्या चुकीचा भार आम्ही ज्यांचा काही दोष नव्हता त्यांच्यावर टाकला. किल्ली आम्ही सर्वांसमक्ष मावशींच्या हाती दिली. त्यांनी ती कमरेला खोवली व पाणी तापत ठेवावयास त्या आत गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या दुपारी आम्ही, विज्ञानाचे शिक्षक आणि ते पालक मुलांच्या पंगतीत बसून जेवलो. सारी मुले पुन्हा पंगतीस यावयास मात्र चतुर्थीपर्यंतचा काळ गेला. खरे सांगावयाचे तर, काही घरांना आलेखाने पटले आणि बहुतेकांना मावशी स्वतः तोच भात जेवताना दिसल्या म्हणून पटले. आम्हांला त्यात काही वावगे वाटत नाही. तो आलेख नसता तर त्यांना पुन्हा परातीशी बसविण्याचे धैर्य आम्हांला झाले असते की नाही, याची मात्र खात्री देता येत नाही, आणि ही गोष्ट आम्हांला आजही बोचते.

तेव्हापासून आम्ही शाळेत दोन गोष्टी पाळतो. मुलांच्या ताटाशी संबंध असलेले प्रत्येक परिपत्रक ज्या दिवशी येईल त्या दिवशी मराठीतून वाचून दाखवावयाचे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावयाचे. आणि कोणावर संशय आला तर ‘चौकशी पुरी होईपर्यंत’ हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावयाची.

म्हणींचा पाठ आम्ही अजूनही शिकवितो. अर्थ सांगून झाल्यावर ही तांदळाची हकीकतही सांगतो. मावशींची परवानगी आम्ही घेतली आहे. मागे एकदा हकीकत ऐकून पहिल्या बाकावरील एका मुलीने हात वर केला व विचारले, “मग सर, परीक्षेत म्हणीचा अर्थ कुठला लिहायचा?” आम्ही क्षणभर विचारात पडलो आणि म्हणालो, “पुस्तकातला लिही, बाळ. गुण त्यालाच आहेत.”